आकृतीतले दोन डायोड

मिस्त्री आठ दिवस त्या बिनखिडकीच्या, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत बसत होते. आवाजाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांना त्यांच्या तिखट कानांसाठी बोलावलं होतं. बायको म्हणायची, बाहेर या कानांचं कौतुक आणि घरात साधी हाक ऐकू येत नाही.

तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका गिटारवाल्याचं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची डबी, दुरुस्त केलं. त्या पेडलच्या फाटक्या, गुरगुरत्या आवाजावर गिटारवाल्याचं नाव झालं आणि मिस्त्रींचंही. पेडल पुढे जळालं. उरली जुनी रेकॉर्डिंग्ज आणि मिस्त्रींनी हाताने काढलेली सर्किटची आकृती. आता तोच आवाज एका स्वस्तातल्या चिपमध्ये, निव्वळ गणिताने काढायचा होता.

गणित करत होती त्यांची सख्खी भाची. चिपला दर क्षणी मोठं गणित झेपेना, म्हणून तिने उत्तरांचा तक्ता आधीच भरून ठेवला होता, तोही अर्धाच. आकृतीत आवाज फाडणारे दोन्ही डायोड सारखे. एक आवाजाच्या लाटेचं वरचं टोक कापतो, दुसरा खालचं. मग अर्धा तक्ता उलटून वापरला की झालं.

पण आवाज जुळेना. मूळ आवाज गुरगुरायचा, हा नुसता करकरायचा. शुक्रवारी नाही जुळला, तर काम तिच्याकडून काढून घेणार होते.

"मामा, तुझी आकृती चुकायची नाही," ती डोळे चोळत म्हणाली. "माझंच काहीतरी चुकतंय."

हे वाक्य ती आठ दिवस म्हणत होती. गुरुवारी मिस्त्रींना ते सोसवेना. त्यांनी हेडफोन काढला.

"सारखे नव्हते ग ते. तसला दुसरा संपला होता, म्हणून हाताला लागला तो लावला. उद्या बदलू म्हटलं, तर गिटारवाला दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. काय तोंडाने सांगणार? आकृतीत सारखे काढले."

भाचीने खुर्ची स्क्रीनकडे वळवली. मग तिने तक्त्याचा दुसरा अर्धा भाग वेगळा भरला, चार ठिकाणी काटकसर करून चिपमध्ये कोंबला. गिटारची तार छेडली. गुरगुर आली.

मिस्त्रींना सुटल्यासारखं वाटलं. म्हणाले, साहेबांना आकृतीचं मीच सांगतो.

तिने टेबलाखालून खोका काढला. झाकणावर त्यांची तीच सारख्या डायोडांची आकृती, खाली त्यांची सही. असे खोके छापून गोदाम भरलं होतं.

"आता नाही सांगता यायचं, मामा," ती हळूच म्हणाली. "आता मलाही."

बाहेर साहेबांची पावलं वाजली. मिस्त्रींनी हेडफोन पुन्हा कानावर चढवला.