शेवटचा रकाना

तुमच्या आईबद्दल परक्या माणसानं लिहिलेला कागद कधी तुमच्या हातात आलाय?

माझ्या आलाय. विद्यापीठात, समाजशास्त्र विभागात, भर वर्गात. एम.ए.चं दुसरं वर्ष. क्षेत्रकार्याच्या प्रश्नावल्या भरून आल्या होत्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून तक्ते करायचं काम सरांनी मला दिलेलं.

उत्तरदाता क्रमांक चौदा. नाव माझ्या आईचं. शेवटचा रकाना निरीक्षणाचा. त्यात लिहिलेलं: "घर अस्वच्छ. बाई अडाणी, नीट बोलत नाही."

खाली सही विक्रमची. तो मागच्याच बाकावर होता. माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "काय मॅडम, वळखीचं कुणी निघालं का?" दोघंतिघं हसले.

मीपण हसले. ते हसू अजून टोचतं.

पालमच्या पुढं फाट्यावर उतरून चालत गेलं की आमचं गाव. विक्रमही तिथलाच. गावातली निम्मी जमीन त्याच्या भावकीची. आमची वस्ती ओढ्यापलीकडं, त्यांच्याच रानात खुरपायला जाणाऱ्यांची. आमचं गाव अभ्यासाला निवडलं, तेव्हा मी म्हणाले होते, माझी वस्ती मी करते. सर म्हणाले, "अगं, आपल्याच माणसांत वस्तुनिष्ठता राहत नाही." मी ते वहीत टिपून घेतलं. परीक्षेला येईल म्हणून पाठ केलं. विक्रमला मात्र त्याची स्वतःची गल्ली मिळाली, आणि वर माझी वस्तीही. तेव्हा वस्तुनिष्ठता कुणाला आठवली नाही. मलाही नाही.

शनिवारी एसटीनं गावी गेले. पिशवीत त्या कागदाची झेरॉक्स. आई भाकरी थापत होती. तिला वाचून दाखवू नये असं वाटत होतं. वाचलं.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "त्यो आत आलाच न्हाई की. मी म्हन्लं, बसा मालक, पानी आनू का. तर गाडीवरूनच म्हन्ला, नगं, तिथूनच सांग. मग घर कवा बघितलं त्यानं?"

मी झेरॉक्सची घडी घातली.

"आन् बोलत न्हाई म्हंजे? मालकाच्या पोरासंगं किती बोलायचं असतंय, ते हाय का तुज्या बुकात?"

नव्हतं. दोन वर्षं मी जी पुस्तकं डोक्यावर घेतली, त्यातल्या एकातही नव्हतं.

सोमवारी भर वर्गात तक्ता सरांच्या टेबलावर ठेवला. चौदा नंबरसमोर विक्रमचा शेरा उतरवला नव्हता. तिथं लिहिलं होतं: "प्रश्न विचारणारा गाडीवरून उतरला नाही. त्यानं घर पाहिलं नाही. उत्तर देणारी त्याच्याच शेतात मजूर आहे."

सर म्हणाले, "हे खोड. अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत, एवढं लक्षात ठेव."

"न्हाई खोडणार सर. घर न बघता लिहिलंय, ते खोडा."

मागं कुणी हसलं नाही. विक्रमसुद्धा.

त्या तक्त्यासकट माझा प्रकल्प परत आलाय. "दुरुस्त करून पुन्हा सादर करावा." मी पुन्हा सादर करणार आहे, पण ती तीन वाक्यं तशीच ठेवून. वस्तीतल्या प्रत्येक घरात बसून, पाणी पिऊन नव्यानं विचारणार आहे. आणि तीच प्रश्नावली घेऊन विक्रमच्या गल्लीतही जाणार आहे. तिथं मला दाराबाहेर उभं केलं, तर तेही लिहीन. पदवी अडली तर अडू दे. आईच्या नावापुढं खोटं लिहून मला ती नको.

आता तुमचं काम. उद्या तुमच्या दारात कुणी कागद घेऊन आला, तर त्याला आधी आत बोलवा. आला नाही, तर एकाही प्रश्नाचं उत्तर देऊ नका. आला, तर लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्याला उठू देऊ नका. शेवटचा रकानासुद्धा.