डॉट कॉम की डॉट इन

घरातले सगळे फॉर्म मीच भरायचे. इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी. पण तोंडाने काही सांगायची वेळ आली की मी दाराआड. म्हणूनच मला स्वतःची वेबसाईट हवी होती. जालन्याहून रोज बदनापूरला कॉलेजला जायचे. तिथल्या बांधांवरची तणं मी वहीत चितारून ठेवली होती. ती लोकांना दाखवायची होती, माझ्या नावाने.

इंटरनेट कॅफेत मला एकटीला पाठवत नसत, म्हणून दादा शेजारी बसला. तो बियाण्यांच्या दुकानात कामाला. मी माझं नाव टाकलं. डॉट कॉम कुणीतरी आधीच घेतलेलं होतं.

"आडनाव जोडा, कॉम मिळून राह्यलं," कॅफेवाले काका म्हणाले. "न्हाईतर नुसत्या नावाला डॉट इन मोकळं हाय. नवंच निघालंय."

"इन बिलकुल नको," दादा म्हणाला. "डुप्लिकेट वाटतं. बियाणंवाल्या कंपन्यांचं बघ, समद्यांचं कॉम."

"मग आडनाव जोडते."

"जोडून काय करती? परतूरचे पाहुणे येऊन राह्यलेत. लग्न झालं की घे. नवं नाव, नवं आडनाव, पुढं कॉम. तणाला काय घाई हाय, ते कुठं पळून जातंय!"

काका हसले. मी हसले नाही.

आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. वहिनीचं दादानेच लिहिलं होतं. पुढे दोन महिने त्या नावाने हाक मारली तरी ती वळायची नाही. आईला वाटलं, सुनेला कमी ऐकू येतं. मला कारण कळलं होतं, तरी मी गप्प राहिले होते.

"डॉट इन," मी म्हणाले. "नुसतं नाव."

"आन् नावच बदललं मंग?"

"नाही बदलू देणार. पाहुण्यांना आधीच सांगायचं. पटलं तर येतील."

काकांनी नजर पडद्यावर वळवली. नाव किती वर्षांसाठी हवं, असं तिथे विचारलं होतं. मी यादी खाली सरकवली आणि शेवटचा आकडा निवडला. दहा.

गाडीला किक मारताना दादा एवढंच म्हणाला, "घरी तूच सांग. माझ्याच्यानं न्हाई होणार."

घरी पोचल्यावर आईने चहा टाकला. तो उकळायच्या आत मी सांगून मोकळी झाले.