जमादाराची डोणी

मी शाळामास्तर. एकवीस वर्षं हजेरी घेतोय. जो समोर नाही त्याला मी कधी 'हजर' लिहिलं नाही — त्यात भुतंखेतंही आली. म्हणून पुढचं वाचून मला कुणी भोळा समजू नये. भोळा असतो तर बरं झालं असतं.

पंचावन्न सालच्या चैत्रातली गोष्ट. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, तर आपल्या चाकणला निदान म्युझियम तरी असावं, असं आमच्या अण्णांच्या मनात आलं. अण्णा गावच्या मंडळाचे अध्यक्ष, मी चिटणीस — म्हणजे काम माझं. जागा ठरली भुईकोट किल्ल्यातली एकमेव धड उरलेली खोली. किल्ला मुळात एका हबशी सरदाराने बांधला म्हणतात. पण पेशवाईच्या अखेरीस तिथे अरब शिपाई होते, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी तो 'अरबांचा किल्ला'च. तोफगोळे, एक जंबिया (अरबी खंजीर), गंजलेली कुलपं… चाळीस वस्तूंची यादी झाली. एक्केचाळिसावी जवळच्या निघोज्याला भागूबाईंच्या अंगणात होती — पाण्याची दगडी डोणी, काठावर अरबी अक्षरं.

भागूबाई सत्तरीच्या. म्हणाल्या, "इंग्रजांनी किल्ला घेतला तवा येक अरब जमादार आमच्या दारात येऊन पडला. पानी मागत हुता. आमच्या घराण्याचा मूळ म्हातारा भ्याला, तांब्या न्यायला उशीर क्येला… तवर गेला. तवापास्नं आदी त्याच्या नावाची डोनी भरायची, मंग घरातल्यांनी पानी प्यायचं."

"आजी, कलेक्टरसाहेब येणार आहेत. डोणी द्या."

"न्या. पन रोज सकाळी भराल?"

"भरू."

"तुमच्या त्या यादीत लिवा."

"लिहितो," म्हणालो. लिहिलं नाही. पाण्याने अक्षरं खराब होतील, असं माझं मत. आणि माझ्या यादीत जे नसतं ते होत नाही.

डोणी किल्ल्यात आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खोलीचं कुलूप उघडलं… डोणी काठोकाठ भरलेली! किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. छप्पर पाहिलं — कोरडं. जमिनीतून झिरपत असेल म्हणून डोणी फळ्यांवर ठेवली, तरी भरलेली. मी रोज उपसायचो, ती रोज भरायची. अण्णांना चेष्टा सुचली, "मास्तर, गावाला नळ न्हाई अन् तुमच्या म्युझियमला आला की राव!"

नवव्या दिवशी मी ठरवलं — हे म्हातारीचंच काम. निघोज्याला गेलो आणि शेजारपाजार ऐकत असताना विचारलं, "दुसरी किल्ली कुठून केलीत?"

भागूबाईंना आधी कळेचना. मग म्हणाल्या, "मी कशाला भरू? तुमी भरताय न्हवं?"

"मी का भरीन?"

"म्हंजे… येक दिस बी न्हाई भरली?"

चोर ठरवल्याचा त्यांना राग आलाच नाही. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, आमच्या म्हाताऱ्यानं भिऊन उशीर क्येला. तुमाला कशाचं भ्या हुतं?"

दुसऱ्या सकाळी डोणी ठणठणीत कोरडी. मी खूश — चोराला जरब बसली! कलेक्टरसाहेब आले, हारतुरे झाले, माझ्या यादीचं कौतुक झालं.

पंधरवड्याने भागूबाईंची सून कांद्याच्या गाडीबरोबर चाकणला आली. "सासूबाई गेल्या," म्हणाली. "शेवटाला येकच धोशा — मास्तरांनी लिवलं का? मी आपलं म्हनलं, लिवलं."

मी त्याच पावली विहिरीवरून कळशी आणून डोणीत ओतली. कळशी खाली ठेवेपर्यंत डोणी कोरडी. खालच्या फळ्याही कोरड्या. दुसरी कळशी… तिसरी… पाथरवटाला दाखवली. तो म्हणाला, एकही चीर नाही.

म्युझियम दीड वर्षात बंद पडलं. अण्णांना निवडणूक सुचली. तोफगोळे कुठे गेले, ते माझी यादीही सांगत नाही. डोणी परत द्यायला गेलो, तर सून म्हणाली, "आता ती तुमचीच." माझ्या अंगणात आहे. पाणी का टिकत नाही, ते कारण मला सापडलेलं नाही. कुणा वाचकाला सापडलं तर कळवावं, मी तपासून पाहीन.

रोजच्या कामांची यादी मी अजून करतो. पहिली ओळ — 'डोणी भरणे'. दिवस मावळेपर्यंत बाकी सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण होते. तिच्यापुढे आजवर एकदाही झालेली नाही.