लाल पुस्तकाचं कार्ड

मोरिवलीचा हरिचंद्र मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत अठरा वर्षं शिपाई होता. इंग्रजीचं अक्षर त्याला वाचता येत नसे, पण कुठलं पुस्तक कुठे आहे हे विचारायला मोठमोठे डॉक्टर त्याच्याकडेच येत. "हरिचंद्र, ते किडनीचं?" की हा मान वर न करता सांगणार, "हिरवी पाठ, खिडकीखाली तिसरं." पुठ्ठ्याचा रंग आणि जागा, एवढीच त्याची विद्या. तोरा मात्र डीनसाहेबांपेक्षा जास्त.

१९५५ साली लायब्ररीची गळकी इमारत दुरुस्त करून वर मजला चढवायचं ठरलं आणि पुस्तकं वर्षभरासाठी उल्हासनगरच्या एका रिकाम्या लष्करी बराकीत आली. सोबत आल्या वृंदाबाई. बदलापूरच्या, लायब्ररीची परीक्षा पास झालेल्या. नव्या इमारतीत प्रत्येक पुस्तकाचं, नाव आणि जागा लिहिलेलं कार्ड खणांत क्रमाने लावलेलं हवं होतं. हरिचंद्रने पुस्तक काढून द्यायचं, बाईंनी कार्ड लिहायचं. अठरा वर्षांचं आपलं डोकं ही बाई खणात भरतेय, या विचाराने त्याचा नुसता जळफळाट होई. त्यांनी आपुलकीने पुढे केलेला चहासुद्धा तो नाक मुरडून घेई.

एकदा जाड्या लाल पुस्तकाचं कार्ड त्याने शाई वाळायच्या आत खिशात टाकलं. कोणीतरी ते पुस्तक मागेल, कार्ड सापडणार नाही, मग बाईंना म्हणावंच लागेल, हरिचंद्रला विचारा.

सगळी कार्डं लिहून झाली आणि आठवड्याभरातच तिथल्या निर्वासित कँपातल्या दवाखान्याचे सिंधी डॉक्टर नेमकं तेच पुस्तक मागायला आले. बाईंनी खण दोनदा चाळला. हरिचंद्र लाल पुस्तकापाशीच छाती काढून उभा होता.

"कार्ड नाही," बाई म्हणाल्या.

"कार्ड नहीं, तो किताब भी नहीं होगी," डॉक्टर म्हणाले. "पेशंट को मुंबई भेजना पड़ेगा." आणि ते निघालेसुद्धा.

हरिचंद्रकडे कोणी पाहिलंही नाही.  मग पेशंट आठवला तसं लाल पुस्तक उचलून तो धावला आणि फाटकापाशी त्याने डॉक्टरांना गाठलं. ते खूश झाले, सही करून गेले.

परतल्यावर त्याने खण उघडला. कार्ड गुपचूप परत ठेवायचं होतं, पण सगळी कार्डं पांढरी, सारख्या मापाची. ना रंग, ना खिडकी. बराच वेळ चाचपून शेवटी तो टेबलापाशी गेला.

"बाई, याची जागा कुठं हाय?"

बाईंनी शाई पसरलेल्या त्या कार्डाकडे पाहिलं. समजायचं ते त्या समजल्या. पुन्हा लिहायला लागल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "खालचा खण, मागून चौथं."