काचेवरचा नंबर आणि कुंकू लागलेली चावी

ती चावी आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर दुपारी आडवा झालो की आठवते ती एका जुन्या, पांढऱ्या, चार माणसांच्या गाडीची चावी. तेव्हा मी डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे तपासाचं काम पाहत होतो. स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुम्ही दूधवाल्याचाही जबाब घ्याल. नोकरीत या स्वभावाचा फायदा झाला, पण या एका प्रकरणात तो माझ्याच अंगाशी आला.

फिर्याद देणारे काका साठी ओलांडलेले होते, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली होती, तीही वापरलेली. घेऊन चार महिने झाले होते. मंगळवारी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, म्हणजे डोंबिवली जेवून आडवी होते त्या वेळेला, सोसायटीच्या आवारातून गाडी गेली. काच फुटलेली नव्हती, कुलूप तोडल्याची खूण नव्हती. वॉचमनने गाडी बाहेर जाताना पाहिली होती, पण चालवणाऱ्याने टोपी घातली होती आणि हात दाखवला होता. हात दाखवणाऱ्याला आपल्याकडे कोणी अडवत नाही.

काकांनी फिर्यादीबरोबर एक प्लास्टिकचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. गाडी घेताना वागळे इस्टेटमधल्या विक्रेत्याने त्यांना चोरीविरोधी नोंदणी करून दिली होती, वेगळे पैसे घेऊन. सगळ्या काचांवर एक नंबर कोरलेला, मागे स्टिकर, आणि चोरी झाली तर कार्डावरच्या फोनवर कळवायचं. काकांनी आमच्याकडे यायच्या आधी तिथे फोन केला होता. गाडीची खबर सगळीकडे गेली आहे, निर्धास्त राहा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नोंदणीच्या फॉर्मची प्रतही त्यांनी जपून ठेवली होती. गाडी कुठे उभी असते, कोणत्या वेळी वापरात नसते, वॉचमन आहे का, दुसरी चावी कोणाकडे असते, सगळं नीट भरलेलं. आमच्या फिर्यादीपेक्षा हा फॉर्म बरा आहे, असं मी ठाणे अंमलदाराला गमतीने म्हटल्याचं आठवतं. ती गंमत पुढे मला फार लागली.

फिर्याद नोंदवून काका-काकू बाहेर गेले आणि पाच मिनिटांनी काका एकटेच परत आले. खुर्चीवर बसले नाहीत. दाराकडे बघत म्हणाले, "साहेब, दुसरी चावी जावयाकडे असते. त्या दिवशी दुपारी तो आमच्या भागात दिसला होता, शेजाऱ्यांनी सांगितलं. मी काही म्हणत नाही. पण माझं नाव येऊ देऊ नका."

पोलिसाला खबर मिळते ती पानवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून. इथे ती सासऱ्याकडून आली होती. ती चावी त्यांनीच जावयाला दिली होती, रविवारी मुलीला आणि नातीला फिरवून आणायला. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जावयाला बोलावून घेतलं, त्याच्याकडची चावीही जप्त केली.

तिशीतला मुलगा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. गाडीही वागळे इस्टेटमधली, हाही तिथलाच. माझ्या डोक्यात धागा आपोआप जुळला. मंगळवारी दुपारी कुठे होतास, असं विचारलं तर म्हणाला, कामावर. मी कारखान्यात माणूस पाठवला. हा दीड महिना तिथे कामालाच नव्हता. मोबाइलचं लोकेशन काढलं, तर रोज सकाळी डबा घेऊन घरून निघायचा आणि दिवसभर डोंबिवली, कल्याण, ठाणे असा फिरत असायचा. एवढं खोटं हातात आल्यावर कोणता अधिकारी सोडेल? मी दोन दिवस त्याला सकाळी बोलवत होतो आणि संध्याकाळी सोडत होतो. मारहाण केली नाही, पण आवाज चढवला, आणि ठाण्यातला आवाज भिंतीपलीकडे जातो.

दुसऱ्या दिवशी तो फुटला, पण मला हवा होता तसा नाही. कारखान्याने माणसं कमी केली होती, त्यात तोही गेला होता. घरी सांगायची हिंमत झाली नव्हती. त्या मंगळवारी सासऱ्यांच्या मागच्या गल्लीतल्या वाचनालयात अर्ज भरत बसला होता. वाचनालयाच्या वहीत त्याची सही निघाली, पण मी तेवढ्याने थांबलो नाही. सही करून उठून गेला असेल, असं मी मनाशी म्हटलं. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. नवऱ्याची नोकरी गेल्याचं तिला माझ्या आवाजातून कळलं. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आज वाटते.

आठवडाभराने ठाण्याला गुन्ह्यांची आढावा बैठक होती. चहाच्या वेळी कल्याणच्या एका सहकाऱ्याने सांगितलं की त्याच्याकडेही अशीच एक गाडी गेली आहे, काच शाबूत, मागे चोरीविरोधी स्टिकर. ठाण्याचा एक जण म्हणाला, माझ्याकडेही आहे रे एक. आम्ही हसलो. परतताना जीपमध्ये मात्र मला हसू येईना. जावई तिन्ही गाड्यांच्या चाव्या कुठून आणणार?

तिन्ही गाड्यांची नोंदणी एकाच ठिकाणची निघाली, म्हणून मी वागळे इस्टेटमधल्या त्या विक्रेत्याकडे गेलो. गोड माणूस. स्वतःहून नोंदणी केलेल्या ग्राहकांची यादी काढून दिली आणि चोरांना शिव्याही दिल्या. ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांना भेटून झालं होतं, म्हणून ज्यांच्या अजून जागेवर आहेत त्यांच्याकडे निघालो. हवालदाराला ते पटलं नाही. ज्यांचं काही गेलं नाही त्यांना काय विचारायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

यादीतला तिसरा पत्ता कल्याणच्या एका चाळीतला होता. बौद्ध कुटुंब, नवरा एका कारखान्यात फिटर, बायको नर्स. त्यांनी जयभीम केला, पाणी दिलं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. गाडी ताब्यात घेताना काय काय झालं, तेही विचारलं. तेव्हा नवरा हसला. विक्रेत्याने हार, नारळ, पूजेचं ताट अशी तयारी ठेवली होती. दोन्ही चाव्या ताटात ठेवा, आतल्या खोलीत देवापुढे ठेवून आणतो, तोवर फोटो काढा, चहा घ्या, असा तिथला रिवाज होता. आमच्यात पूजा नसते, आम्ही गाडी थेट विहारात नेणार, असं याने सांगितलं. मग विक्रेता म्हणाला, बरं, पूजा राहू द्या, पण नोंदणीसाठी चाव्या आत द्याव्याच लागतील.

"मी दिल्या नाहीत," फिटर म्हणाला. "काचेवर नंबर कोरायला चावी कशाला लागते, साहेब? दार पाहिजे तर मी उघडतो म्हटलं. चावी माझ्या खिशात राहील."

इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला पडायला हवा होता तो प्रश्न त्या माणसाला गाडी घेतानाच पडला होता.

ठाण्यात येऊन पंचांसमोर मुद्देमालातलं पाकीट उघडलं. काकांच्या घरून जप्त केलेली चावी त्यात बारा दिवस पडून होती. तिच्या खाचेत कुंकू वाळून बसलं होतं. जप्तीच्या वेळी मी ते पाहिलं होतं आणि देवाजवळ ठेवत असतील म्हणून सोडून दिलं होतं. काकूंना फोन केला. त्यांनी सांगितलं की दोन्ही चाव्या विक्रेत्याकडे पूजेच्या ताटात होत्या, आतून यायला वीसेक मिनिटं लागली, उदबत्ती पूर्ण जळू देतात म्हणाले. कल्याण आणि ठाण्याच्या फिर्यादींच्या बाबतीतही तेच घडलं होतं. उरलेल्या ग्राहकांच्या चाव्याही त्या खोलीत जाऊन आल्या होत्या, फक्त त्यांची पाळी अजून आली नव्हती.

विक्रेत्याकडे छापा टाकला तेव्हा देवाच्या फोटोखालच्याच कपाटात चावीची चिप वाचून तशीच दुसरी बनवणारं यंत्र मिळालं. तयार चाव्यांना नोंदणीचे नंबर बांधलेले होते आणि प्रत्येकीबरोबर ग्राहकाचा फॉर्म. गाडी कुठे असते आणि कधी कोणी बघत नाही, हे लोकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, वर पैसेही मोजले होते. कार्डावरचा फोन त्याच्याच टेबलावर वाजत होता. चौकशीत त्याने फार ताणलं नाही. एवढंच म्हणाला, "ताट देवापुढून येतं साहेब, त्याच्याकडे कोण संशयाने बघतं?"

काकांची गाडी भिवंडीच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये सापडली. काचा बदललेल्या, त्यामुळे कोरलेला नंबर गेला. स्टिकर खरवडलेलं, नंबरप्लेट दुसरी, चेसिस नंबरही घासलेला. काकूंनी डिकी उघडायला लावली आणि आतल्या झाकणाची चटई उचलली. खाली त्यांनी बोटाने काढलेलं स्वस्तिक होतं, फिकट झालेलं. हे माझ्या हातचं आहे, म्हणाल्या. पैसे भरून केलेली खूण पुसली गेली होती आणि फुकटची राहिली होती. पुढे तांत्रिक तपासणीने ओळख पक्की झाली ती गोष्ट वेगळी.

लोक मला आजही विचारतात, जुनी गाडी घेतोय, ती चोरीविरोधी नोंदणी करू का? मी सांगतो, काचेवर नंबर असायला हरकत नाही, एखादा भुरटा बिचकेलही. पण काच बदलता येते हे ध्यानात ठेवा. नोंद कोणाकडे राहते, चोरी झाल्यावर फोन कोण उचलतो, ते आधी विचारा. फॉर्ममध्ये तुमचं वेळापत्रक मागितलं तर लिहू नका. दोन्ही चाव्या मोजून घ्या, डोळ्यांआड जाऊ देऊ नका, आणि जमलं तर कुलपाची यंत्रणा नव्याने जुळवून घ्या. त्या पैशांत तेवढं बसतं.

हे सगळं सांगता येतं. पुढचं मी फारसं कोणाला सांगत नाही.

कोर्टाच्या आदेशाने गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा कोर्टापुढे आणण्याच्या हमीवर, परत द्यायची होती. काका, काकू, मुलगी आणि जावई असे सगळे ठाण्यात आले. जावयाला दुसरीकडे नोकरी लागली होती. काकांनी पेढे आणले होते. त्यांना फार मोकळं वाटत होतं. सह्या झाल्यावर मी दोन्ही चाव्या टेबलावर ठेवल्या. काकांनी एक उचलून मोठ्या कौतुकाने जावयापुढे धरली, रविवारी घेऊन जा म्हणाले.

त्याने त्या चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, माझं नाव कोणी दिलं? तपासात सगळ्यांचीच नावं येतात, असं उत्तर मी दिलं होतं. संशयिताचा चेहरा वाचायला आम्ही शिकतो, पण तोही समोर बसून आपला चेहरा वाचत असतो, हे मला त्या क्षणी कळलं.

त्याने चावी सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं हलकेच मिटली.

"दोन्ही तुमच्याकडेच राहू द्या, बाबा," तो म्हणाला. "म्हणजे पुढच्या वेळी कोणाचं नाव घ्यायला नको."

 काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मुद्देमालाच्या रजिस्टरमध्ये मान घातली.