यादीत नसलेला देश

कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे. बेल्टवरून सरकणाऱ्या स्ट्रिपमध्ये एखादा कप्पा रिकामा दिसला, एखाद्या गोळीचा टवका उडालेला असला, की तिचा हात झेपावलाच. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. "मुलगा पसंत करायला हिला न्या, खोट लगेच काढील," असं बरोबरच्या बायका म्हणायच्या.

धाकट्या बहिणीच्या यकृताला विषाणूने धरलं, तेव्हा दवाखान्यात घार सोबत होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलं आणि ही चक्क हसली.

"अगं, ही तर आमचीच गोळी! रोज माझ्या हाताखालून जाते."

बारा आठवडे, रोज एक. एवढ्यावर माणूस बरा होतो, असं डॉक्टर म्हणाले. हसले मात्र नाहीत.

दुकानात फक्त मूळ कंपनीची गोळी होती. किंमत ऐकून बहिणीच्या नवऱ्याने चिठ्ठीची घडी घातली आणि तिघं घरी आली.

दुसऱ्या दिवशी घार मॅनेजरसाहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, आपली गोळी इथे का मिळत नाही?"

"पेटंट त्यांचं आहे, बाई. त्यांनी आपल्याला परवानगी दिली ती गरीब देशांना पुरवायची. त्यांच्या यादीत आपला देश नाही."

"म्हणजे आपण श्रीमंत?"

"कागदावर," साहेब म्हणाले.

टवके उडालेल्या गोळ्या चुरा करायला जायच्या. एके दिवशी तिने त्यातली एक स्ट्रिप ब्लाउजमध्ये सरकवली. फाटकाशी झडती घेणारी बाई तिची मैत्रीणच होती. पण रांगेत उभ्या उभ्याच तिने हिशेब केला. दहा गोळ्यांनी काय होणार, आणि पकडलं तर दोन्ही घरं उघड्यावर येणार. मागे फिरून तिने स्ट्रिप डब्यात टाकली. तो खरेपणा होता की भित्रेपणा, हे तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

बहिणीला तिने हे सांगितलं, तर ती चिडली. "वेडी आहेस का ताई? नोकरी घालवशील." तोवर बहिणीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोट पाण्याने फुगलं होतं.

रुग्णांच्या एका संघटनेने पेटंटला हरकत घेतली होती; ते रद्द झालं तर कारखान्याची गोळी इथेही विकता येणार होती. सुनावणी पुढे ढकलली जायची, पुन्हा ढकलली जायची. बहीण प्रत्येक वेळी विचारायची, "आज काय झालं गं?" मग तिने विचारणं सोडलं. आठवडाभराने ती गेली.

पेटंट रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा कारखान्यात टाळ्या वाजल्या. सुटल्यावर घार थेट बहिणीच्या घरी गेली. बहिणीचा नवरा मुलीच्या शाळेच्या फ्रॉकची उसवलेली शिवण पुन्हा घालत बसला होता.

"गोळी सुरू होतेय. इथेच मिळणार, स्वस्तात," ती म्हणाली.

त्याची सुई थांबली.

"किती दिवस झाले, ताई, तिला जाऊन?"

"सात महिने."

त्याने दोरा दाताने तोडला, फ्रॉक झटकला आणि म्हणाला, "बसा. चहा टाकतो."