रक्तातली जुनी खूण

"हिचं रक्त तपासा. माह्यं काऊन?" दिलीप टेबलावर हात आपटून म्हणाला.

चंद्रपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, गुप्तरोग क्लिनिकच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो. दिलीप पोंभुर्ण्याकडचा. तेलंगणात मिरची तोडायला गेलेला, आठ दिवसांपूर्वी परतलेला. आता त्याला लघवीच्या जागी फोड आले होते. डॉक्टर मॅडमनी हर्पिस सांगितला. त्यानं लगेच अर्थ लावला: मी नसताना बायकोनं बाहेर काहीतरी केलं आणि आता मला दिलं. शेजारी बसलेल्या बायकोला, सुनंदाला, मूल गावी माहेरी पोहोचवायचं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

"दोघांची तयारी असेल तर दोघांचं घेऊ. एकट्या बाईचं नाही," मॅडम म्हणाल्या.

"घ्या," सुनंदा म्हणाली. तिचा हात आधी पुढे आला. मग त्याचा.

हर्पिसचा विषाणू शरीरात शिरला की त्याच्याविरुद्ध रक्तात अँटिबॉडी तयार होतात. आमची टेस्ट त्याच शोधते. त्या बनायला काही आठवडे, कधी तीन-चार महिने लागतात. एकदा बनल्या की सहसा जन्मभर राहतात. फोड मात्र कित्येकांना वर्षानुवर्षं येतच नाहीत. विषाणू कमरेच्या नसांत दडून बसतो. माणसाला पत्ता नसतो, रक्ताला असतो. एवढ्या ट्यूब हाताळल्या, तरी याचं मला वाटणारं नवल कधी सरलं नाही.

दुपारी टेस्टच्या प्लेटमध्ये दिलीपच्या नमुन्याचा खळगा गडद पिवळा झाला, म्हणजे अँटिबॉडी होत्या. सुनंदाचा कोरा. मी टेस्ट पुन्हा लावली. तेच.

दोघांना विचारून मॅडमनी रिपोर्ट एकत्रच सांगितले. "आठ दिवसांत इतक्या अँटिबॉडी बनत नाहीत, भाऊ. हे तुमच्या अंगात आधीपासून आहे. कधीपासून, ते टेस्ट सांगत नाही."

"मंग हिच्याकडून नाई?"

"हिच्या रक्तात तर ते दिसतच नाही."

मला वाटलं, आता ही बाई साठलेलं सगळं बाहेर काढेल. तिनं मॅडमना विचारलं, "मले होऊ नाई म्हणून काय करा लागते?"

कंडोम, गोळ्या, फोड असताना दूर राहणं, तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळली.

"तुमच्या मायले मी काई सांगनार नाई. तुमीच सांगा. माह्यावर आळ घेतला तवा गल्लीतले लोक होते. त्याइले बी बोलवा."

आवाज जरासुद्धा चढला नाही.

तीन महिन्यांनी दोघं आले. सुनंदा पुन्हा निगेटिव्ह.

"सांगितलं का?" मी दिलीपला हळूच विचारलं.

"सांगतलं. सगळ्याइसमोर."

"सांगाले दोन दिस लागले," सुनंदा म्हणाली.

त्यानंतर हर्पिसच्या प्रत्येक रिपोर्टखाली मी पेनानं एक ओळ लिहू लागलो: 'आजार कोणाकडून आला, हे या टेस्टवरून कळत नाही.'

"हे छापील फॉर्मात नाही," मॅडम म्हणाल्या.

"लोक रिपोर्ट घरी नेतात, मॅडम."

त्यांनी कागद पाहिला. "मग जरा मोठ्या अक्षरात लिहा."